अजिंठ्याच्या जळालेल्या प्रती आणि जपानचे परराष्ट्र धोरण

शाळेच्या सहलीत तुमच्यापैकी अनेकांनी अजिंठ्याची लेणी पाहिली असतील. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात, गाभाऱ्याच्या दाराशी, हातात निळे कमळ धरलेला पद्मपाणी उभा आहे. त्याच्या अर्धोन्मीलित डोळ्यांपुढे आपण क्षणभर गप्प होतो आणि मग मार्गदर्शक आपल्याला पुढच्या लेण्याकडे पिटाळतो. या चित्राच्या प्रती आज पुस्तकांत, दिनदर्शिकांवर, कुठेही सापडतात. परंतु छायाचित्रण बाल्यावस्थेत होते त्या काळी अजिंठ्याच्या चित्रांची प्रत करणे म्हणजे अंधाऱ्या लेण्यात वर्षानुवर्षे बसून, कंदिलाच्या उजेडात, कॅनव्हासवर एकेक रेघ उतरवणे. असे कष्ट अनेकांनी केले, आणि त्यांचे पुढे काय झाले ते ऐकण्यासारखे आहे.

रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ नंतर अनेक वर्षे अजिंठ्यात राहून मोठमोठ्या प्रती केल्या. त्या लंडनला गेल्या, तेथील क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या गेल्या, आणि १८६६ च्या डिसेंबरात त्या इमारतीला लागलेल्या आगीत बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा तेच काम करू लागले. त्याही प्रती लंडनला गेल्या. १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात आग लागली आणि त्यांतल्या शंभराहून अधिक नष्ट झाल्या.

तिसरी गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून आराई कान्पो नावाचे जपानी चित्रकार १९१६ मध्ये भारतात आले. १९१७-१८ च्या हिवाळ्यात आपल्या सहकाऱ्यांसह त्यांनी अजिंठ्यात मुक्काम ठोकला आणि निवडक भित्तिचित्रांच्या प्रती तयार केल्या. त्या टोकियोच्या विद्यापीठात नेऊन ठेवण्यात आल्या. १ सप्टेंबर १९२३ रोजी, दुपारी १२ ला दोन मिनिटे कमी असताना, टोकियो परिसरात ७.९ प्रतीचा भूकंप झाला. घरोघरी दुपारच्या स्वयंपाकासाठी चुली पेटलेल्या होत्या. घरे लाकडाची. धक्के थांबले, पण आग दोन दिवस थांबली नाही. सुमारे १ लाख ५ हजार माणसे गेली आणि त्यांतली बहुसंख्य आगीने गेली. विद्यापीठात ठेवलेल्या अजिंठ्याच्या प्रतीही त्याच आगीत राख झाल्या.

मनुष्यहानीपुढे चित्रांच्या प्रतींचे दुःख ते काय, असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. तरीही ही गोष्ट लक्षात ठेवा. कारण आराई कान्पो यांच्या आयुष्यात आणखी एक चित्रप्रत येणार होती, आणि तिच्या मागोमाग आणखी एक आग.

होर्यूजीची सकाळ

जपानमध्ये नारा शहराजवळ होर्यूजी नावाचा बौद्ध मठ आहे. आज जगात उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारती याच मठात आहेत. त्यांचे वय तेराशे वर्षांच्या घरात जाते. तेथील मुख्य मंदिराला ‘कोंदो’, म्हणजे सुवर्णमंदिर, म्हणतात. त्याच्या आतील भिंतींवर इ. स. ७०० च्या सुमारास काढलेली १२ भित्तिचित्रे होती. त्यांतल्या बोधिसत्त्वाच्या एका चित्रात अनेक अभ्यासकांना अजिंठ्याच्या पद्मपाणीचे नाते दिसले. ते स्वाभाविकच आहे. पद्मपाणी हे अवलोकितेश्वराचेच रूप आणि जपानमध्ये ज्याला ‘कान्नोन’ म्हणतात तोही अवलोकितेश्वरच. बौद्ध धर्माबरोबर चित्रकलेची वळणेही मध्य आशिया आणि चीनच्या वाटेने तिकडे पोहोचली होती.

ही चित्रे फिकट होत चालली होती, म्हणून १९३५ मध्ये त्यांची मूळ आकारात, तुकड्यातुकड्यांनी, काचेच्या पट्ट्यांवर छायाचित्रे घेण्यात आली. १९४० पासून चित्रकार हाताने प्रती करू लागले. त्यांत आपले आराई कान्पोही होते. १९४५ मध्ये, काम अपुरे असताना, ते वारले. युद्ध संपल्यावर इतर चित्रकारांनी काम पुढे चालू ठेवले. मंदिराची दुरुस्तीही त्याच सुमारास चालली होती.

२६ जानेवारी १९४९ च्या सकाळी कोंदोमध्ये आग लागली. थंडीपासून बचावासाठी चित्रकार विजेवर तापणारी गादी वापरत असत, तिच्यावर संशय घेतला गेला. म्हणजे ज्या चित्रांना वाचवण्यासाठी माणसे आत बसली होती, त्यांच्याच सोयीच्या साधनाने बहुधा ती चित्रे जाळली. दुरुस्तीसाठी वरच्या मजल्याचे लाकूड आधीच उतरवून ठेवले होते, तेवढे वाचले. बारा भिंती जागेवर राहिल्या, पण रंग गेले.

रंग ‘गेले’ म्हणजे काय झाले, हे तुम्ही रसायनशास्त्राच्या तासाला जे शिकता त्यावरून समजू शकेल. जुन्या चित्रांतले रंग बहुतेक खनिजांचे असतात. पिवळी माती म्हणजे पाणी धरून ठेवणारे लोहाचे ऑक्साइड. ती तापली की पाणी निघून जाते आणि ती तांबडी होते. हिरवा आणि निळा रंग तांब्याच्या कार्बोनेटापासून मिळतो. तो तापला की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरते ते तांब्याचे काळे ऑक्साइड. शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळीत हिरवी पूड तापवून काळी होताना तुम्ही पाहिली असेल. तीच क्रिया तेथे बाराशे वर्षे जुन्या चित्रावर झाली. आणि ती उलट फिरवता येत नाही.

जपान तेव्हा युद्धात हरलेला, परक्या सैन्याच्या ताब्यातला, अन्नाला महाग झालेला देश होता. तरीही पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, तेथील संसदेने सांस्कृतिक संपत्तीच्या रक्षणाचा कायदा केला. १९५५ पासून २६ जानेवारी हा वारसास्थळांच्या अग्निरक्षणाचा दिवस म्हणून पाळला जाऊ लागला. तुम्हांला ही तारीख वेगळ्या कारणासाठी पाठ आहे. होर्यूजी जळाल्यानंतर बरोबर एका वर्षाने आपला देश प्रजासत्ताक झाला.

भूकंपाशी सख्य

आता थोडे विज्ञानाकडे वळू, कारण जपान पुढे जगाला जे देऊ लागला ते मुख्यतः या अनुभवातून आलेले ज्ञान आहे.

जपान हा चार भूपट्टांच्या सांध्यावर वसलेला देश. तेथे भूकंप होणारच. मग होर्यूजीचा ३२ मीटर उंचीचा पाचमजली पॅगोडा तेराशे वर्षे उभा कसा? पॅगोडे पडल्याच्या नोंदी तपासल्या तर वीज, आग आणि लढाया यांनी गेलेले पुष्कळ सापडतात, भूकंपाने पडलेले फार थोडे. त्याचे प्रत्येक मजले एकावर एक ठेवलेल्या डब्यांसारखे आहेत. लाकडे एकमेकांत खाचांनी अडकवलेली आहेत, घट्ट जखडलेली नाहीत. धक्का बसला की हे सांधे किंचित घसरतात, करकरतात, आणि त्या घर्षणात भूकंपाची पुष्कळशी ऊर्जा खर्ची पडते. एक मजला डावीकडे झुकला तर वरचा उजवीकडे झुकतो, आणि सगळा पॅगोडा नागासारखा डुलतो. मधोमध एक उंच खांब आहे. त्याचे नेमके काम काय, यावर अभियंत्यांत अजून वाद आहेत. पण ६३४ मीटर उंचीचा टोकियोचा ‘स्कायट्री’ मनोरा २०१२ मध्ये उघडला, तेव्हा त्याच्या रचनेतही असा मधला खांब घेतलेला होता.

सगळ्याच वस्तू डुलू शकत नाहीत. दगडी पुतळा किंवा काँक्रीटची इमारत डुलायला गेली तर तडकते. तेथे दुसरी युक्ती लागते. ती समजण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. एका ताटात आगपेट्यांचा मनोरा रचा आणि ताट झटक्याने मागेपुढे हलवा. मनोरा कोसळेल. आता ताटात दहाबारा सारख्या आकाराच्या गोट्या पसरा, त्यांवर एक गुळगुळीत पाटी ठेवा आणि मनोरा पाटीवर रचा. ताट तसेच हलवा. ताट हलेल, गोट्या फिरतील, पण पाटी जवळजवळ जागच्या जागी राहील. जमिनीची हालचाल वस्तूपर्यंत पोहोचूच द्यायची नाही, हे या युक्तीचे सार. (गोट्या ताटाबाहेर पळतात, म्हणून काठ असलेले ताट घ्या. प्रत्यक्ष इमारतीतही पळणाऱ्या पाटीला आवर घालावाच लागतो.)

कामाकुरा येथील बुद्धाची ब्राँझची मूर्ती ११ मीटरांहून उंच आणि सुमारे १२१ टन वजनाची आहे. १९६०-६१ मधील दुरुस्तीत तिची मान आतून बळकट केली गेली आणि मूर्ती व चौथरा यांच्यामध्ये पोलादी पत्रा घालण्यात आला. मोठा भूकंप झाला तर मूर्तीने चौथऱ्यावर थोडे सरकावे, मोडू नये, अशी योजना. टोकियोतील पाश्चात्त्य कलेचे राष्ट्रीय संग्रहालय १९५९ मध्ये बांधले गेले. चंडीगढ ज्यांनी रचले त्या ल कॉर्ब्युझिए यांचीच ती रचना. १९९८ मध्ये ही उभी इमारत तिच्या पायापासून सोडवून रबर आणि पोलाद यांच्या एकाआड एक थरांच्या उशांवर ठेवण्यात आली. अशा उशांवर इमारत सावकाश हेलकावे घेते, एका हेलकाव्याला दोनतीन सेकंद लागतात. भूकंपाचे धक्के बहुधा त्याहून पुष्कळ जलद असतात. झोपाळ्याला भलत्याच वेळी धक्के दिले तर तो चढत नाही, तसेच येथे होते.

परंतु १९२३ ने शिकवलेला धडा असा की भूकंपाच्या मागोमाग आग येते. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे कोबे शहराच्या भूकंपात तो पुन्हा शिकावा लागला. ६,४३४ माणसे मृत्युमुखी पडली. सुमारे ७ हजार इमारती जळाल्या. बंब आले, नळ्या जोडल्या, पण जमिनीखालचे नळ फुटलेले होते आणि तोट्यांतून पाणीच येईना. जवळच क्योतो. तेथे शेकडो लाकडी मंदिरे, दाट वस्ती, अरुंद गल्ल्या. तेथील अभियंत्यांनी विचार केला, की शहराच्या नळावर आणि विजेच्या पंपावर विसंबून चालणार नाही. पाणी उंचावर साठवा आणि गुरुत्वाकर्षणाने खाली येऊ द्या. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक वातावरण भरतो. समजा टाकी ७० मीटर उंच टेकडीवर आहे, तर खाली सुमारे सात वातावरणांचा दाब फुकट मिळतो. त्याला वीज लागत नाही. आपल्या डोंगरी किल्ल्यांवरची खोदीव टाकी आठवा. पाणी माणसाच्या जवळ, उंचावर असले पाहिजे हे आपल्या पूर्वजांनाही कळत होते, मात्र तेथे ते पिण्यासाठी होते.

शिराकावा-गो या डोंगरातल्या गावात, जाड गवताने शाकारलेल्या घरांभोवती, अशा उंचावरच्या पाण्यावर चालणाऱ्या ५९ पाणतोफा आहेत. दर वर्षी शरद ऋतूत त्या सगळ्या एकदम उडवून पाहतात, आणि गावावर पाण्याचे कमानदार छत उभे राहते. पर्यटक ते दृश्य म्हणून पाहतात. गावकऱ्यांसाठी ती तालीम आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात गावाजवळच्या एका शेडला आग लागली तेव्हा या तोफा खरोखरच कामी आल्या.

घरातले शहाणपण परराष्ट्र धोरण कसे होते?

आता मुख्य प्रश्न. आपल्या देशातली मंदिरे आगीपासून वाचवणे ही घरगुती गोष्ट झाली. दुसऱ्या देशांची मंदिरे वाचवायला जपानने पैसा आणि माणसे का पाठवावीत?

परराष्ट्र धोरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तह, युद्धे आणि व्यापार येतात. जपानच्या १९४७ च्या राज्यघटनेने युद्धाचा हक्क सोडून दिला आहे. म्हणजे धोरणाचे एक जुने हत्यार त्याने स्वतःच म्यान केले. १९८० च्या दशकात हा देश अतिशय श्रीमंत झाला. जगभर त्याच्या मोटारी आणि रेडिओ खपू लागले, आणि ‘हे लोक फक्त विकायला येतात’ अशी टीकाही होऊ लागली. शिवाय आशियातल्या अनेक देशांना १९४५ पूर्वीच्या जपानी सैन्याच्या आठवणी होत्या. त्या सुखाच्या नव्हत्या. अशा वेळी, १९८८ मध्ये, पंतप्रधान ताकेशिता नोबोरू यांनी लंडनमधील भाषणात जपानच्या आंतरराष्ट्रीय सहकार्याचे तीन आधार सांगितले: शांततेसाठी साहाय्य, विकासासाठी मदत आणि सांस्कृतिक देवाणघेवाण. पुढच्या वर्षी युनेस्कोमध्ये जपानने जागतिक वारशाच्या जतनासाठी स्वतंत्र निधी ठेवला. यात जपानचा स्वार्थ नव्हता असे समजण्याचे कारण नाही. पण स्वार्थ असूनही एखादे काम चांगले असू शकते, आणि हे त्यांपैकी होते असे मला वाटते.

दुसरे कारण एका माणसाच्या रूपाने पाहता येईल. हिरायामा इकुओ हे ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमात होते. तेव्हा ते १५ वर्षांचे शाळकरी विद्यार्थी होते, म्हणजे तुमच्याच वयाचे. ते वाचले आणि पुढे चित्रकार झाले. होर्यूजीची जळालेली भित्तिचित्रे १९६७-६८ मध्ये नव्याने रंगवण्यात आली तेव्हा त्या चित्रकारांत हिरायामा होते. समोर ठेवलेली होती ती १९३५ ची काचेच्या पट्ट्यांवरची छायाचित्रे. नंतर बौद्ध धर्म ज्या वाटेने आला त्या रेशीममार्गावर हिरायामा आयुष्यभर फिरले. युद्धात जखमी माणसांसाठी रेडक्रॉस असते, तशी संकटातल्या कलावस्तूंसाठीही एखादी व्यवस्था असावी, ही कल्पना त्यांनी लावून धरली. २००१ मध्ये अफगाणिस्तानात बामियानच्या बुद्धमूर्ती उडवल्या गेल्या, तेव्हा चोरवाटांनी जपानपर्यंत पोहोचलेल्या अफगाण वस्तू गोळा करून सांभाळल्या गेल्या. अशा १०२ वस्तू २०१६ मध्ये अफगाणिस्तानाला परत देण्याची व्यवस्था झाली. ते पाहायला हिरायामा नव्हते, २००९ मध्ये त्यांचे निधन झाले होते.

परंतु २००६ मध्ये त्यांच्या हयातीतच जपानने एक असा कायदा केला, की जो फार थोड्या देशांनी केला असेल. परदेशातील सांस्कृतिक वारशाच्या रक्षणासाठी सहकार्य करणे हे सरकारचे कर्तव्य ठरले. त्यासाठी विद्यापीठे, सरकारी खाती आणि संशोधन संस्था यांना एकत्र आणणारी संघटना त्याच वर्षी निघाली आणि तिचे पहिले अध्यक्ष हिरायामाच होते. वारसा ज्या देशाचा, प्रयत्नही मुख्यतः त्याचेच, आपण त्याला हातभार लावायचा, ही या कायद्यामागची भूमिका आहे.

या धोरणाला आधीच एक शाळा मिळाली होती, ती म्हणजे कंबोडिया. अंगकोर वाटच्या मंदिरात भारतीय पुरातत्त्व खात्याचे लोक १९८६ ते १९९३ या काळात, देशात यादवी चालू असताना, काम करत होते, हे आपण अभिमानाने सांगावे. यादवी शमल्यावर, १९९३ च्या ऑक्टोबरात, अंगकोरसाठीची आंतरराष्ट्रीय परिषद टोकियोत भरली. फ्रान्स आणि जपान यांच्या संयुक्त अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली आणि अनेक देशांची पथके एकाच नियमाखाली काम करू लागली.

एक वाद मात्र सोडवणे भाग होते. लाकडी मंदिराचा कुजलेला वासा बदलला, शंभर वर्षांनी दुसरा बदलला, तर मंदिर ‘मूळ’ राहते का? युरोपातील दगडी वास्तूंवर वाढलेले तज्ज्ञ याबाबत कडक होते. जपानी म्हणत, आमच्याकडे अधूनमधून मंदिर सगळे उतरवतात, प्रत्येक तुकड्यावर खूण करतात, खराब तेवढे बदलतात आणि पुन्हा उभे करतात. सुतारांची विद्या हाही वारसाच आहे. १९९४ च्या नोव्हेंबरात नारा येथे २८ देशांचे ४५ तज्ज्ञ जमले आणि अस्सलपणाचा निवाडा त्या त्या संस्कृतीच्या संदर्भात केला पाहिजे असे त्यांनी मान्य केले. भूकंपानंतरच्या दुरुस्तीत या निवाड्याला फार महत्त्व आले, कारण तेव्हा पुष्कळच तुकडे बदलावे लागतात.

आपत्तीच्या बाबतीत जपानने यजमानपण हेच साधन केले. जगातील आपत्तिनिवारणाची पहिली मोठी परिषद १९९४ मध्ये योकोहामाला झाली. दुसरी २००५ च्या जानेवारीत कोबेला, तेथील भूकंपाला दहा वर्षे पूर्ण होताना. हिंदी महासागरातील त्सुनामीला तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. त्या परिषदेत सांस्कृतिक वारशाच्या रक्षणावर वेगळी बैठक भरली. त्यानंतर क्योतोच्या रित्सुमेइकान विद्यापीठात २००६ पासून एक अभ्यासवर्ग सुरू झाला, तेथे निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञ येतात आणि वारसास्थळांचे आपत्तीपासून रक्षण कसे करावे हे शिकतात.

मग ११ मार्च २०११. ईशान्य जपानमध्ये ९.० प्रतीचा भूकंप आणि त्सुनामी. रिकुझेन्ताकाता या किनाऱ्यावरील गावाचे संग्रहालय पाण्याखाली गेले आणि तेथील सर्व कर्मचारी दगावले. त्यांनी जमवलेल्या वस्तूंपैकी चार लाखांहून अधिक चिखलातून बाहेर काढण्यात आल्या. कागदपत्रे खाऱ्या पाण्याने भिजलेली होती. ती उन्हात वाळवली तर पाने चिकटतात, बुरशी चढते. म्हणून ती आधी गोठवतात, म्हणजे बुरशी थांबते. नंतर निर्वात पेटीत ठेवतात. तेथे बर्फ वितळत नाही, कापूर उडून जातो तशी त्याची सरळ वाफ होते. पाणी द्रवरूपात येतच नाही, त्यामुळे शाई पसरत नाही.

तिसरी जागतिक परिषद १४ ते १८ मार्च २०१५ या दिवसांत, त्याच किनारपट्टीवरील सेंदाई शहरात भरली. १८७ देशांनी मान्य केलेल्या आराखड्यात संग्रहालये, ऐतिहासिक व धार्मिक स्थळे यांच्या रक्षणाचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आला. हा आराखडा म्हणजे तह नव्हे. तो मोडल्यास शिक्षा नाही.

सह्या-शिक्क्यांची शाई वाळते न वाळते तोच, ३८ दिवसांनी, २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात ७.८ प्रतीचा भूकंप झाला. काठमांडूचा धरहरा मनोरा कोसळला. १९३४ च्या भूकंपातही तो पडला होता. कास्थमंडप जमीनदोस्त झाला. हनुमान ढोका राजवाड्याच्या चौकात विटा, माती आणि कोरीव लाकूड यांचे ढीग पडले. पुढे त्या एकाच राजवाड्याच्या परिसरात काय दृश्य दिसले पाहा: नऊ मजली बसंतपूर मनोऱ्याचे काम चीनने हाती घेतले, गद्दी बैठक या इमारतीला अमेरिकेने पैसा दिला, आगंछेन मंदिराचा अभ्यास जपानी तज्ज्ञ करू लागले. भारतानेही नेपाळातील अनेक वारसास्थळांच्या पुनर्बांधणीसाठी अनुदान दिले. एवढे देश एका चौकात केवळ कलाप्रेमाने जमत नाहीत, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल. पण ज्या देशाला आपली मंदिरे पुन्हा उभी करायची आहेत, त्याला या चढाओढीचा उपयोगही करून घेता येतो.

आपल्या दाराशी

या धोरणाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. अजिंठा-वेरूळ जतन आणि पर्यटन विकास प्रकल्पासाठी जपानने १९९२ मध्ये पहिल्या टप्प्याचे आणि २००३ मध्ये दुसऱ्या टप्प्याचे कर्ज दिले. ही देणगी नव्हती. कमी व्याजाचे, लांब मुदतीचे, येनमधले, पण फेडायचे कर्ज. त्यातून लेण्यांचे जतन, आसपासच्या डोंगरांवर झाडे, रस्ते, पाणीपुरवठा आणि तेव्हाच्या औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, विमानतळाची सुधारणा अशी कामे निघाली. आता अजिंठ्याला आपली गाडी फाट्यापाशी ठेवून बसने लेण्यांपर्यंत जावे लागते. पुष्कळांना त्याचा कंटाळा येतो. पण गाड्यांचा धूर लेण्यांच्या तोंडाशी येऊ नये हे त्याचे कारण आहे. लेण्यातील चित्रांना भूकंपापेक्षा धूर, ओलावा आणि एकदम आत शिरणारी आपल्यासारखी गर्दी अधिक जाचते. कारण प्रत्येक माणूस श्वासाबरोबर वाफ आणि उष्णता सोडत असतो.

जपानला सगळे साधले आहे असेही नाही. ३१ ऑक्टोबर २०१९ च्या पहाटे ओकिनावा बेटावरील शुरी किल्ल्याचा मुख्य प्रासाद जळून गेला. युद्धात नष्ट झाल्यावर १९९२ मध्ये तो पुन्हा बांधलेला होता. आत आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा नव्हती. जगाला अग्निरक्षण शिकवणाऱ्या देशात हे व्हावे, याची तेथील वर्तमानपत्रांत बरीच चर्चा झाली. २०२२ मध्ये प्रासाद पुन्हा उभारायला प्रारंभ झाला.

होर्यूजीच्या जळालेल्या भिंती आणि काळे पडलेले खांब टाकून दिले गेले नाहीत. ते मठाच्या आवारातच एका बंदिस्त कोठारात, मूळ मांडणीप्रमाणे, उभे करून ठेवले आहेत. सुवर्णमंदिरात आज दिसतात ती हिरायामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रंगवलेली चित्रे. दर वर्षी २६ जानेवारीला, आपण झेंडावंदन आटोपून घरी परतत असतो त्या दिवशी, तेथे भिक्षू प्रार्थना म्हणतात, आणि मग अग्निशामक दलाचे जवान मठाच्या छपरांवरून पाण्याचे फवारे उडवून पाहतात.